धक्का किती दिवसांत पोहोचतो, आणि आपण किती दिवसांत वळतो?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना चालवतो. नऊ मशिनं, बेचाळीस माणसं. उपकरणांची आवरणं, झाकणं, छोटे गिअर असे भाग आम्ही दुसऱ्या कंपन्यांना बनवून देतो. आत सगळं बरं चाललेलं असतं. भंगार कमी, मशिनं चालू, माणसं जुनी आणि हाताला तयार. पण गेली तीन-चार वर्षं बाहेरून काहीतरी येतं आणि महिन्याचं नियोजन उधळतं. कधी प्लास्टिकच्या दाण्याचा, म्हणजे आमच्या कच्च्या मालाचा भाव, कधी बंदरात अडकलेला कंटेनर, कधी बँकेचं व्याज, कधी नवा नियम, तर कधी सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा ‘पुढची ऑर्डर थांबवा’ असा एका ओळीचा निरोप. एका सल्लागाराकडून बाह्य घटकांचा अहवाल करून घेतला. चाळीस पानं. वाचून मी आणखी घाबरले, कारण त्यातलं काहीच माझ्या हातात नाही. मला वाटतं, गोदाम भरून ठेवावं. भाऊ म्हणतो, साठा म्हणजे गोठलेला पैसा. आपण आपलं काम चोख करू, बाहेरचं बाहेर. यावरून आमच्यात आता रोज खटके उडतात. काय करू?

उत्तर

ताई,

तुम्ही अहवालाची अनुक्रमणिका सोबत पाठवलीत ते बरं केलंत. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय, कायदेशीर असे सहा खाने आणि प्रत्येकात सात-आठ मुद्दे. ही पद्धत जुनी आहे. हार्वर्डमधले प्राध्यापक फ्रान्सिस ॲग्विलार यांनी १९६७ मध्ये उद्योगाच्या भोवतालच्या गोष्टी आर्थिक, तांत्रिक, राजकीय आणि सामाजिक अशा चार गटांत लावल्या. बाकीचे खाने पुढे जोडले गेले. काही विसरू नये म्हणून ती चांगली आहे. पण तुमची भीती तिने वाढवली यात मला नवल वाटत नाही, कारण कारखाना चालवणाऱ्याला जे हवं असतं नेमकं तेच या खान्यांत दिसत नाही.

‘आर्थिक’ हा एकच खाना घ्या. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ मध्ये शून्याच्या आसपास असलेला व्याजदर पायरी-पायरीने वाढवत जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. सोळा महिने लागले, आणि प्रत्येक बैठकीची तारीख आधीपासून जाहीर होती. आता त्याच खान्यातली दुसरी गोष्ट. १५ जानेवारी २०१५ च्या सकाळी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने, एका युरोला किमान १.२० फ्रँक ही तीन वर्षांहून जास्त काळ पाळलेली मर्यादा सोडून दिली. काही मिनिटांत फ्रँक इतका महागला की तिथून माल निर्यात करणाऱ्यांचं वर्षाचं गणित सकाळच्या चहाच्या आत बदललं. अहवालात दोन्ही गोष्टी एकाखाली एक छापल्या जातात. पण एकीसाठी वर्षभर तयारी करता येते आणि दुसरीसाठी एक फोन करायलाही वेळ मिळत नाही. पर्यावरणाचंही तसंच. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, पनामा कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून तलावाची पातळी घटत गेली, आणि रोज छत्तीसच्या आसपास जहाजं सोडणारा कालवा जानेवारी २०२४ मध्ये चोवीसवर आला. तलावाची पातळी महिनोन्महिने सगळ्यांना दिसत होती. वीज पडून लागलेली आग मात्र कुणाला आधी दिसत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: घटक कोणत्या प्रकारचा आहे हे बाजूला ठेवा. प्रत्येकाबद्दल दोन आकडे काढा. पहिला, चाहूल लागल्यापासून धक्का तुमच्या मशिनपर्यंत पोहोचायला किती दिवस. दुसरा, तुम्हाला वळायला किती दिवस. पहिला आकडा मोठा असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त लक्ष ठेवायचं. दुसरा मोठा असेल तर तेवढ्या दिवसांची भरपाई आधीच करून ठेवायला हवी. घटक तुमच्या हातात नाहीत हे खरंच आहे. पण दुसरा आकडा जवळजवळ सगळाच तुमच्या हातात असतो.

एक प्रसंग सांगतो, कारण हे त्याहून स्पष्ट मला दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत अल्बुकर्की इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहा मिनिटांच्या आत ती विझलीसुद्धा. पण धुराने आणि पाण्याने चिप बनवायच्या स्वच्छ खोल्या खराब झाल्या. या कारखान्याचे दोन मोठे ग्राहक होते, मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन. दोघांनाही सुरुवातीला एकच निरोप मिळाला: साधारण आठवडाभर उशीर होईल. नोकियाने तो ऐकून घेतला, पण त्या चिप रोजच्या देखरेखीच्या यादीत टाकल्या आणि वरपर्यंत कळवलं. उशीर आठवड्याचा नसून महिन्यांचा आहे हे उघड झालं, तेव्हा त्यांची माणसं कामाला लागलेली होती. फिलिप्सच्या इतर कारखान्यांत जागा मागितली, दुसऱ्या पुरवठादारांकडे धाव घेतली, काही ठिकाणी रचनाच बदलली. एरिक्सनमध्ये तोच निरोप खालच्या पातळीवर राहिला. वरिष्ठांना गांभीर्य कळेपर्यंत दिवस निघून गेले होते, आणि त्यांनी खर्च वाचवण्यासाठी काही चिपचा दुसरा पुरवठादार ठेवलाच नव्हता. एरिक्सनचा सुमारे ४० कोटी डॉलरचा धंदा बुडाला. पुढच्या वर्षी त्यांनी मोबाइल फोनचा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला. त्यामागे इतरही कारणं होती, पण ही आग त्यातली एक होती.

आग एकच, तारीख एकच, निरोपही एकच. फरक फक्त वळायला लागलेल्या दिवसांत. आणि ते दिवस दोन ठिकाणी गेले: बातमी कारखान्याच्या आत वर चढायला, आणि दुसरा पुरवठादार शोधायला. तुमच्याकडेही ते बहुधा तिथेच जात असतील.

दुसऱ्या पुरवठादाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या धंद्यात इथे एक फसवं समाधान असतं. ‘हा दाणा दुसरीकडेही मिळतो’ हे तुम्हाला माहीत असेल. पण माहीत असणं वेगळं आणि मंजूर असणं वेगळं. दाण्याची ग्रेड बदलली की थंड होताना आक्रसण्याचं प्रमाण बदलतं, साच्यातून निघालेला नग कागदावरच्या मापात बसेलच असं नाही. मग चाचणीचे नग काढायचे, मापं घ्यायची, ग्राहकाकडे पाठवायचे, त्यांच्या गुणवत्ता विभागाची सही यायची. तुमच्या वळण्याचे खरे दिवस या सहीत असतात, ट्रकच्या प्रवासात नसतात. ही सही शांततेच्या काळात घेऊन ठेवली तर तिची किंमत म्हणजे दोन दिवस मशिनचा वेळ आणि थोडा माल. अडचणीत मागायला गेलात तर तोच ग्राहक तुमच्याकडे संशयाने बघतो. गिअरसाठी जो दाणा वापरता त्याच्यापासून सुरुवात करा. मापाची अट तिथे सगळ्यात कडक असणार. रंगाच्या मास्टरबॅचचंही, म्हणजे दाण्यात मिसळायच्या दाट रंगाच्या दाण्यांचंही, विसरू नका. लहान वस्तू म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि तिच्याशिवाय आवरण ग्राहकाला पाठवता येत नाही.

नियमांचा धडा मी स्वतः चुकून शिकलो, तो तुम्हाला सांगायलाच हवा. युरोपीय संघाने विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसं, पारा, कॅडमियम अशा पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम २००३ च्या सुरुवातीला केला आणि तो १ जुलै २००६ पासून लागू होणार होता. मी तेव्हा सर्किट बोर्ड जोडणाऱ्या एका कारखान्यात नियोजन पाहत होतो. आमचे ग्राहक तिकडे माल पाठवत. तीन वर्षांहून जास्त वेळ हातात होता. सुटे भाग बोर्डाला जोडायला जो धातू वितळवतात त्या सोल्डरमध्ये शिसं असायचं. आम्ही नियम वाचला आणि एका ओळीत निकालात काढला: ‘शिसं असलेलं सोल्डर बंद, बिनशिशाचं सुरू.’ खरेदी विभागाने भाव काढून ठेवले आणि फाइल मिटली.

सहा महिने उरले तेव्हा पहिली चाचणी घेतली. कथिल आणि शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं, तर नवं, कथिल-चांदी-तांब्याचं, सुमारे २१७ अंशांना. म्हणजे भट्टी जास्त तापवायची. जास्त तापवली की काही सुटे भाग टिकेनात. ते बदलायचे तर त्यांचे पुरवठादार रांगेत, कारण जगभरातून सगळे एकाच वेळी तेच मागत होते. शिवाय काही ग्राहकांना जुन्याच सोल्डरचे बोर्ड हवे होते, त्यामुळे दोन साठे वेगळे ठेवायला जागा हवी, वेगळ्या खुणा हव्यात, आणि एका बाजूचं हत्यार दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून माणसांना नव्याने शिकवायला हवं. त्या सहा महिन्यांत माझ्या हाताखालच्या माणसांनी जे रात्रंदिवस काम केलं ते टाळता आलं असतं, ही गोष्ट मला आजही टोचते. नियमाने आम्हाला पकडलं नव्हतं. आम्ही पहिला आकडा पाहिला आणि दुसरा मोजलाच नाही.

तेव्हापासून मी कोणताही नियम वाचला की ‘हा कशावर बंदी घालतो’ याच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारतो: यामुळे कारखान्यातली कोणती कृती बदलेल, आणि ती बदलायला किती दिवस? तुमच्याकडे पुन्हा वापरात आणलेल्या प्लास्टिकचं प्रमाण, वेष्टन, कामगारांचे तास यांबद्दल काही बदल येऊ घातले असतील तर ते याच प्रश्नातून काढा. एक छोटी चाचणी, एक पाळी, पहिल्याच महिन्यात. निकाल काहीही येवो, आकडा तरी हातात येतो.

आता तुमच्या आणि भावाच्या वादाकडे येतो. तुम्ही दोघंही ‘साठा’ हा एकच शब्द वापरता, पण त्यात दोन वेगळ्या अडचणी मिसळल्या आहेत.

२३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे सुमारे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि २९ मार्चला सुटलं. कालवा सहा दिवस बंद. थांबलेली जहाजं नंतर घोळक्याने बंदरांत पोहोचली, म्हणून परिणाम सहा दिवसांपेक्षा लांबला, पण शेवटी तो ओसरला. अशा धक्क्याला साठा हे चोख उत्तर आहे. दोन-तीन आठवड्यांचा माल गोदामात असला की तो निघून जातो. त्याउलट २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी वाढला, आणि तो महिनोन्महिने वाढलेलाच राहिला. इथे जादा साठा एकदाच कामाला येतो. तो संपल्यावर तुम्ही परत तिथेच. इथे ऑर्डर द्यायची तारीखच मागे न्यावी लागते, म्हणजे संगणकात भरलेला ‘माल यायला लागणारे दिवस’ हा आकडा बदलावा लागतो. तुमच्याकडे तो आकडा शेवटचा कधी बदलला होता, ते आजच पाहा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तो यंत्रणा बसवली त्या दिवसापासून तसाच असतो.

भावाचं म्हणणं कुठे बरोबर आहे? तीन महिन्यांचा दाणा भरून ठेवणं म्हणजे वर्षभराच्या दाण्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा कायम अडकवणं. व्याज सहा टक्के असेल तर त्याची किंमत वर्षाच्या दाणाखर्चाच्या दीड टक्का. व्याज बारा टक्के झालं की तेच गोदाम, तोच माल, आणि किंमत तीन टक्के. एकूण खर्चात दाण्याचा हिस्सा जिथे मोठा तिथे यात नफ्याचा बराच भाग जातो. शिवाय भाव उतरला तर भरलेलं गोदाम महागातलं ठरतं, आणि नायलॉनसारखा दाणा हवेतली ओल धरतो. सगळ्याच मालाचा साठा वाढवा असं मी म्हणणार नाही.

पण ‘साठा नकोच’ हेही चालणार नाही, आणि यासाठी टोयोटाचं उदाहरण भावाला आवर्जून सांगा. कमी साठ्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांनीच, २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर, कोणते भाग परत मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो याची यादी केली आणि पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. फक्त अशाच भागांचा, सगळ्यांचा नाही. २०२० च्या वसंतात गाड्यांची विक्री कोसळली तेव्हा अनेक वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या. चिप कारखान्यांनी मोकळी झालेली जागा संगणक आणि फोन बनवणाऱ्यांना दिली. त्या वर्षाच्या उत्तरार्धात गाड्यांची मागणी परत आली, तेव्हा या कंपन्या रांगेच्या शेवटी उभ्या होत्या. टोयोटा २०२१ चे सुरुवातीचे महिने इतरांपेक्षा बरी तगली. पुढे सप्टेंबर २०२१ साठी तिलाही आपल्या नियोजित उत्पादनात ४० टक्के कपात करावी लागली. साठ्याने वेळ मिळाला, तुटवडा मिटला नाही. तेवढीच अपेक्षा साठ्याकडून ठेवायची.

म्हणजे दोघांनी मिळून एक यादी करायची. ज्या मालाला मंजूर पर्याय आहे आणि तो आठवड्यात येतो, तिथे भावाचं ऐका. ज्याला पर्याय नाही, यायला दोन महिने लागतात आणि ज्याच्याशिवाय दोन मशिनं बंद पडतात, तिथे तुमचं. मला वाटतं, दुसऱ्या प्रकारात पाच-सहाच वस्तू निघतील, आणि त्यांतल्या निम्म्या अगदी स्वस्त असतील. एखादी हीटर पट्टी, एखादा सेन्सर, मास्टरबॅच.

दाण्याच्या भावाचा प्रश्न साठ्याने सोडवायला जाऊ नका. दाणा शेवटी कच्च्या तेलाच्या आणि वायूच्या मागे जातो, आणि त्याचा अंदाज बांधणं हा तुमचा धंदा नव्हे. तो करारात सोडवायचा. ठरलेल्या निर्देशांकात अमुक टक्क्यांहून जास्त फरक पडला की पुढच्या महिन्यापासून भाग तेवढ्या प्रमाणात महाग किंवा स्वस्त, असं कलम मागा. ‘स्वस्त’ हा शब्द तुम्हीच आधी उच्चारा, म्हणजे ग्राहक ऐकून घेतो.

‘आतलं काम चोख ठेवू’ या वाक्यात भावाची एक चूक आहे, आणि ती चांगल्या कारखानदारांकडून हमखास होते. मशिनं चालू असल्याचं तुम्ही अभिमानाने लिहिलंत. किती टक्के चालू? काम अनियमित येत असेल आणि एका नगाला लागणारा वेळही कमी-जास्त होत असेल, तर रांगेच्या गणिताचं अगदी साधं रूप असं सांगतं: मशिन ८० टक्के भरलेलं असेल तर एका कामाला त्याच्या स्वतःच्या वेळेच्या सरासरी चौपट थांबावं लागतं, ९० टक्क्यांवर नऊपट, ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. तुमच्या कारखान्यात आकडे हुबेहूब हेच नसतील, पण चढ असाच असतो. शेवटच्या पाच टक्क्यांत तो भिंतीसारखा उभा राहतो. पूर्ण भरलेल्या मशिनवर वीज दहा मिनिटं गेली, बॅरल, म्हणजे दाणा वितळवणारी नळी, पुन्हा तापमानाला आणताना पहिले नग भंगारात गेले, की ते मागे पडलेलं काम भरून काढायला जागाच उरत नाही. बाहेरचा लहानसा झटका आठवडाभर रेंगाळतो आणि आपण दोष विजेला देतो. नऊपैकी एक मशिन रोज एक पाळी मोकळं ठेवणं ही नासाडी नाही. भावाला हे पटायला वेळ लागेल. गेल्या सहा महिन्यांतल्या उशिरा गेलेल्या ऑर्डरी आणि त्या आठवड्यांत मशिन किती भरलेलं होतं, हे दोन रकाने शेजारी ठेवून त्याला दाखवा.

आता त्या एका ओळीच्या निरोपाबद्दल. तुम्ही त्याला ‘बाहेरचा घटक’ म्हणता. तो काही अंशी बाहेरचा नाहीच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं की दुकानातल्या विक्रीतला छोटा बदल घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना असा मागे जाताना मोठा होत जातो, कारण प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपल्या अंदाजात थोडी भर घालतो आणि ऑर्डर साचवून देतो. प्रॉक्टर अँड गँबलला पुढे हेच बाळांच्या लंगोटांत दिसलं. बाळं लंगोट एकसारख्या वेगाने वापरतात, दुकानांतली विक्री जवळपास सपाट, पण कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरींत मोठे चढउतार. तुमच्या मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डरीही अशाच असण्याची दाट शक्यता आहे. तीन महिने भरभरून, मग एकदम थांबा. त्यांच्या जुळणी विभागात तुमची आवरणं रोज किती लागतात आणि त्यांच्या गोदामात आज किती पडून आहेत, हे दोन आकडे दर आठवड्याला मिळाले तर ‘थांबा’ तुम्हाला महिनाभर आधी दिसेल. खरेदी अधिकाऱ्याकडे मागू नका, तो ऑर्डरीचीच भाषा बोलेल. गोदाम सांभाळणाऱ्या माणसाशी तुमच्या डिस्पॅचवाल्याची ओळख असेलच. दोन्ही कंपन्यांच्या संमतीने, उघडपणे, तो आकडा मागवा. बदल्यात तुम्ही त्यांना घाईच्या वेळी मोकळ्या मशिनवरची जागा देऊ शकता. ही देवाणघेवाण त्यांनाही हवी असते.

पुरवठादारांशीही असंच नातं असावं, आणि इथे मला पुन्हा टोयोटाकडेच जावंसं वाटतं. १ फेब्रुवारी १९९७ रोजी ब्रेकमधला एक छोटा झडपेचा भाग बनवणारा, टोयोटाची पुरवठादार कंपनी आयसिन हिचा जपानमधल्या कारिया इथला कारखाना जळाला. टोयोटाचा हा भाग जवळपास पूर्णपणे तिथूनच यायचा आणि साठा फार थोडा. लगोलग बहुतेक जुळणी कारखाने थांबले. एका पुरवठादारावर विसंबण्याची चूक उघडी पडली होती. पण आयसिनने रेखाचित्रं सगळ्यांना वाटली, आणि दोनशेच्या आसपास कंपन्या आपापल्या परीने तो भाग बनवायला लागल्या, त्यात शिलाई यंत्रं बनवणारी कंपनीसुद्धा होती. आठवडाभराच्या आत गाड्या पुन्हा निघू लागल्या. हे शेवटच्या क्षणी जमवता येत नाही. तुमच्या आसपास मोल्डिंगचे आणखी कारखाने असतील. त्यांतला असा एक निवडा ज्याच्या मशिनवर तुमचा साचा बसतो, आणि एकदा प्रत्यक्ष बसवून पाहा. त्यांचा एक साचा तुमच्याकडे बसवा. दोन्ही ग्राहकांना आधी कळवा, साच्याची मालकी आणि गुप्तता कागदावर आणा. यासाठी लागणारा विश्वास मी पत्रातून देऊ शकत नाही, पण एक शनिवार पुरतो.

हे सगळं बसवायचं कसं? चाळीस पानांतून प्रत्येक मुद्दा घेऊन बसू नका, तुमचा महिना जाईल. उलट दिशेने या. गेल्या दोन वर्षांत जे-जे नियोजन कोलमडलं ते आठवून लिहा. पंधरा-वीस प्रसंग निघतील. प्रत्येकापुढे चार गोष्टी: चाहूल पहिल्यांदा कुणाला लागली, आणि ते कोणत्या दिवशी, धक्का मशिनपर्यंत कधी पोहोचला, तुम्ही ठरवलं कधी, आणि परत मार्गावर आलात कधी. ही बैठक तुम्ही आणि भाऊ दोघांनीच घेऊ नका. खरेदीवाला, डिस्पॅचवाला आणि रात्रपाळीचा सुपरवायझर यांना बसवा. पहिल्या रकान्यात बरेचदा त्यांचीच नावं येतील, आणि पहिल्या व तिसऱ्या रकान्यातल्या तारखांमध्ये किती अंतर आहे ते पाहून तुम्हाला वाईट वाटेल. ते अंतर कमी करायला पैसा लागत नाही. दाण्याचा भाव, बंदरावरची गर्दी, ग्राहकाचा साठा, येऊ घातलेले नियम, बँकेचे दर, यांतलं एकेक एकेकाच्या नावावर करा आणि त्याला एवढाच अधिकार द्या: ठरवलेल्या रेषेपलीकडे आकडा गेला की त्याने त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा, आणि खोटा ठरला तरी त्याला कुणी बोलायचं नाही. ही शेवटची अट तुम्ही दोघांनी पाळायची आहे.

उरलेल्या पानांतलं राजकारण आणि लोकसंख्येचे कल वर्षातून एकदा वाचा. ते खोटं नाही, पण तुमच्या वळण्याच्या दिवसांपेक्षा ते फार सावकाश येतं.

गिअरच्या दाण्याला दुसरी मंजुरी मिळवायचं काम मात्र या आठवड्यातच काढा. भावाला चाचणीची पाळी लावायला सांगा, आणि मापं घ्यायला तुम्ही स्वतः उभ्या राहा. नमुने ग्राहकाकडे गेले त्या दिवसापासून सही यायला किती दिवस लागले, तो आकडा मला लिहून पाठवा. पुढचं त्यावरून ठरवू.